मांड्या भरून आल्या असताना ग्रुपच्या रोज ३ किमीच्या चॅलेंजमध्ये धावावं का?

परवा साताऱ्याजवळचा यवतेश्वर घाट धावत उतरलात आणि आज जिना उतरताना मांड्या बोलताहेत, हे अपेक्षितच आहे. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकचं काम करतो. त्यात सूक्ष्म इजा होते आणि दुखणं साधारण २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त जाणवतं. लॅक्टिक ॲसिडचा यात दोष नाही, ते तासा-दोन तासांत निघून जातं.

दोन्ही पाय सारखे, पसरट दुखत असतील तर आधी १० मिनिटं चाला. दुखणं सैलावलं तर शाहू स्टेडियमच्या सपाट मैदानावर ३ किमी करा: २ मिनिटं धाव, १ मिनिट चाल, वेग गप्पा मारता येतील इतकाच. घाट दोन-तीन दिवस नको, विशेषतः उतरण.

एकाच पायात, बोट ठेवता येईल अशा जागी दुखत असेल, नडगीच्या हाडावर दाबल्यावर कळ येत असेल किंवा तुम्ही लंगडत असाल तर धावू नका. लंगडत धावलं की भार गुडघ्यावर आणि दुसऱ्या पायावर जातो. ग्रुपला सरळ सांगा, ३ किमी चालून नोंद करतो म्हणून. हौशी चॅलेंजमध्ये एवढी सूट मिळायलाच हवी.

वेदनाशामक गोळी घेऊन तर अजिबात धावू नका. इशारा दबतो, शिवाय घाम गेलेला असताना मूत्रपिंडावर ताण येतो. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.