फोनच्या रिमोटला कोडी सापडेना

प्रश्न : टीव्हीला जोडलेल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर कोडी हा मीडिया प्लेअर आहे. फोनवरचं कोरे हे कोडीचं रिमोट अॅप महिनाभर नीट चाललं. वीज जाऊन आल्यापासून ‘कनेक्ट होत नाही’ म्हणतं. अॅप काढून पुन्हा टाकलं, उपयोग झाला नाही.

उत्तर : अॅपचा दोष बहुधा नाही. वीज आल्यावर राउटरने पायला नवा आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कवरचा क्रमांक) दिला असेल आणि अॅप जुन्याच दारावर थापा मारत असेल. कोडीत सेटिंग्ज, मग सिस्टिम इन्फर्मेशन उघडा; तिथला पत्ता अॅपमधल्याशी ताडून पाहा. वेगळा असेल तर अॅपमध्ये बदला. पण पुढच्या वेळी वीज गेली की पुन्हा तेच. म्हणून राउटरच्या डीएचसीपी भागात (जिथून तो पत्ते वाटतो) पायच्या मॅक पत्त्यासाठी, म्हणजे उपकरणाच्या न बदलणाऱ्या ओळख-क्रमांकासाठी, एकच आयपी राखून ठेवा.

पत्ता तोच असेल तर फोनच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता, विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके आणि ८०८० टाका. पासवर्ड विचारला किंवा कोडीचं पान उघडलं, तर वाट मोकळी आहे. अॅपमधलं नाव-पासवर्ड तपासा. कोडी १९ पासून पासवर्डची अट चालू असेल, तर तो रिकामा ठेवून चालत नाही. पान उघडलंच नाही, तर कोडीच्या सेटिंग्जमध्ये सर्व्हिसेसमधल्या कंट्रोलमध्ये एचटीटीपीवरून नियंत्रणाची परवानगी चालू आहे का पाहा. फोन ‘गेस्ट’ वायफायवर असला तरी हेच होतं, कारण ते जाळं घरातल्या इतर उपकरणांपासून तोडलेलं असतं. फोनवरचं व्हीपीएनही (फोनची वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) बंद करून पाहा.

आणि हो, अॅपमधून पाय बंद केलात, तर अॅपमधून चालू होणार नाही. पायमध्ये नेटवर्कवरून जागं होण्याची सोय नाही.