नेदरलँड्समध्ये प्रायव्हसी लॉवर पीएचडी, मुलगी नऊ वर्षांची: यावं का?

तुझा प्रश्न काल रात्री वाचला आणि नीट झोप लागली नाही, म्हणून सकाळी ट्रेनमध्ये बसून हे टाइप करतेय. पुण्यात लॉ कॉलेजला शिकवतेस, नवरा आयटीत, मुलगी नऊ वर्षांची, चौथीत, आणि इथल्या एका विद्यापीठात पीएचडीची जागा मिळालीये, विषय ऑनलाइन खरेदीतली डार्क पॅटर्न्स (ग्राहकाला नकळत हवं तिकडे वळवणारी साइटची मांडणी) आणि ग्राहकाची संमती. यावं का आणि येण्याआधी काय बघावं, असं विचारलंयस. मी 2018 च्या ऑगस्टमध्ये जवळजवळ याच विषयावर आले, मुलगी तेव्हा दहाची होती. त्यामुळे वाचताना प्रश्न तुझा आहे की माझा हेच कळेना. वयाने लहान दिसतेस म्हणून अगं-तुगं करतेय, चालेल ना.

व्हिसा, पगार, घरभाडं यावर काही लिहीत नाही, विद्यापीठाचं एचआर ते बघतं आणि साइटवर सगळं आहेच. एवढंच सांगते की इथे पीएचडी करणारा विद्यार्थी नसतो, नोकरदार असतो, चार वर्षांचा करार असतो आणि पहिल्या वर्षाच्या शेवटी पुढे चालू ठेवायचं की नाही याचा आढावा होतो. त्या आढाव्याची धास्ती मी वर्षभर उशाशी घेऊन झोपले आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली, ते पुढे येईलच.

आधी कामाबद्दल, कारण तिथे माझी काहीच तक्रार नाही. मी आले तेव्हा जीडीपीआर, म्हणजे युरोपचा डेटा संरक्षणाचा कायदा, लागू होऊन जेमतेम तीन महिने झाले होते, 25 मे 2018 ला लागू झाला ना, आणि दुकानांच्या, बँकांच्या साइटवर संमती मागणारे ते कुकीचे चौकोन एकदम वाढले होते. आमच्या मजल्यावर निम्मे वकील, निम्मे कॉम्प्युटरवाले. कुणीतरी स्क्रिप्ट लिहून खरेदीच्या साइट उघडत बसायचं आणि ‘नको’ म्हणायला किती क्लिक लागतात ते मोजायचं, आणि मी शेजारी कलम 4 ची संमतीची व्याख्या घेऊन बसायचे: मोकळेपणाने दिलेली, नेमकी, माहिती घेऊन दिलेली, निःसंदिग्ध. 2019 च्या 1 ऑक्टोबरला लक्झेंबर्गच्या युरोपियन कोर्टाचा प्लॅनेट49 चा निकाल आला, एका जर्मन ऑनलाइन लॉटरीची केस, आणि कोर्टाने सरळ सांगितलं की आधीच टिक करून ठेवलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. त्या दिवशी आम्ही जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचून काढला तो. भारतात सुप्रीम कोर्टाने ऑनलाइन बोलण्यावरचं सेक्शन 66ए रद्द केलं तेव्हा मी अशी उत्तेजित झाले होते, त्यानंतर तेव्हाच.

आणि हा देश या विषयासाठी नुसता पुस्तकी नाहीये. 2020 च्या फेब्रुवारीत हेगच्या कोर्टाने सीरी नावाची सरकारी यंत्रणा थांबवली, वेगवेगळ्या खात्यांचा डेटा एकत्र करून कोण फसवणूक करू शकेल याचा अंदाज बांधायची ती. मग बालसंगोपनाच्या भत्त्याचं प्रकरण. हजारो आईबापांना चुकीने फसवे ठरवून वसुली लावली, दुहेरी राष्ट्रीयत्वाची नोंदही त्यात वापरली गेली होती, 2021 च्या जानेवारीत सगळं मंत्रिमंडळ पायउतार झालं आणि वर्षाच्या शेवटी डेटा प्राधिकरणाने करखात्याला साडेसत्तावीस लाख युरोचा दंड केला. बायका टीव्हीवर रडत सांगायच्या की घर गेलं, पोरं गेली. मी सोफ्यावर बसून ते बघत होते आणि माझं काम कशासाठी आहे हे तेव्हा पोटातून कळलं.

भारतातलं आपलं ज्ञान तिथे काय कामाचं, असं मनात आणू नकोस, मी आणलं होतं आणि दोन वर्षं गप्प बसले. खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणारा पुट्टस्वामीचा नऊ न्यायाधीशांचा निकाल (2017), 2023 चा डीपीडीपी, म्हणजे आपला डेटा संरक्षणाचा कायदा, आणि खास तुझ्या विषयातलं म्हणजे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचना, ज्यात 13 प्रकारची डार्क पॅटर्न्स नावानिशी सांगितलीयेत. युरोपच्या डिजिटल सर्व्हिसेस ॲक्टच्या कलम 25 मध्ये बंदी आहे पण अशी मोठी यादी नाही. तिकीट काढताना आपोआप घुसलेला विमा, शेवटच्या पायरीवर वाढलेली किंमत, हे आपल्याकडे रोज कोट्यवधी लोक भोगतात. पहिल्या महिन्यातच सेमिनार मागून घे आणि हे मांड.

गाइड निवडताना एकच बघ, कॉम्प्युटरवाले खरंच शेजारी बसतात का. कायदा आणि तंत्रज्ञानाच्या संशोधन केंद्रांत टिलबर्गचं टिल्ट आहे, ॲमस्टरडॅमचं आयव्हिर, लायडनचं ई-लॉ, आणि बेल्जियममध्ये लुवेनला तर सायटिपचे कायदेवाले आणि कोसिकचे क्रिप्टोग्राफीवाले एकाच विद्यापीठात. ज्या राइनडालवरून एईएस (माहिती कुलूपबंद करायची पद्धत) झालं तो अल्गोरिदम करणाऱ्या दोघांपैकी व्हिन्सेंट रायमन तिथलेच, आणि तुझ्या बँकेच्या ॲपपर्यंत ते एईएस पोचलेलं आहे. शेजार असा असला की नुसता कायदा वाचणाऱ्याचं लिखाण हवेत राहत नाही. पुढची नोकरी मात्र गृहीत धरू नकोस, विद्यापीठांचे पैसे कापलेत, मी डॉक्टरेटनंतर तिसऱ्या तात्पुरत्या करारावर आहे.

आता कागद. जन्मदाखल्यावर तुझं नाव आहे का ते आजच्या आज बघ. माझ्या दाखल्यावर ‘स्त्री’ एवढंच होतं, आई-बाबांची नावं होती आणि माझं नावच नव्हतं, आपल्या पिढीत हे सर्रास असायचं. ते घालून घ्यायला बाबांनी साताऱ्यात किती खेटे घातले, मग मुंबईला मंत्रालय, मग अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का), तेव्हा त्यांचा गुडघा दुखत होता हे मला नंतर कळलं. एवढं करून इथल्या नगरपालिकेत गेले तर पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’ च्या रकान्यात माझं नाव आणि नवऱ्याचं नाव जोडून, त्यामुळे नवऱ्याचं नाव हे माझंच दुसरं नाव झालं, बँकेत, दवाखान्यात, विद्यापीठाच्या ईमेलमध्ये. आणि डिग्र्या सगळ्या माहेरच्या नावाच्या. जीडीपीआरच्या कलम 16 ने चुकीचा डेटा दुरुस्त करून घ्यायचा हक्क मिळतो, मी तो शिकवते, पण काउंटरवरची बाई म्हणाली की नोंद तर कागदाबरहुकूम आहे. तिचं बरोबर होतं. चार महिने गेले त्यात, आणि शेवटी मी तशीच राहिले, आजही तशीच आहे. तू पासपोर्ट नवा करणार असशील तर आत्ताच नीट करून घे.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, मराठी मंडळाचा गणपती असतो, सायकल शिक. त्याचं फार मनाला लावून घेऊ नकोस.

मुलीचं सांगते.

इथे मुलं अकरा-बाराची झाली की प्राथमिकच्या शेवटच्या वर्षात शाळा सल्ला देते की पुढे कुठल्या फाट्याने जायचं. व्हीएमबीओ चार वर्षांचं, हावो पाच, व्हीडब्ल्यूओ सहा, आणि विद्यापीठात थेट फक्त शेवटच्यातून जाता येतं. बारा वर्षांच्या पोराचं हे ठरवतात. माझी मुलगी पहिलं वर्ष नवीन आलेल्या मुलांच्या डच भाषेच्या वर्गात होती, दुसऱ्याच वर्षी हे शेवटचं वर्ष. गणितात वर्गात पुढे, डच वाचनात मागे, दीड वर्षात किती येणार भाषा? 2020 च्या फेब्रुवारीत दहा मिनिटांची भेट होती, त्या बुटक्या खुर्च्यांवर. बाई अगदी मायेने, सावकाश डचमध्ये बोलत होत्या. मेहनती आहे, गोड आहे एवढं कळलं, मग व्हीएमबीओ म्हणाल्या आणि भाषेबद्दल काहीतरी म्हणाल्या आणि मी मान हलवत ‘या, या’ (डचमधलं ‘हो, हो’) म्हणत गेले. कागद घेतला, थँक्यू म्हटलं. त्या रात्री माझा पेपर द्यायचा होता. विषय: न समजता दिलेली संमती.

नवरा म्हणाला, उद्या परत जाऊन विचार, गणिताचे मार्क दाखव. तो तेव्हा नोकरी शोधत घरीच होता आणि त्याचं डच माझ्याहून कच्चं. मी म्हटलं, आत्ता नको, डेडलाइन होऊ दे, एप्रिलात परीक्षा आहेच, तिच्यात चांगले मार्क पडले की सल्ला वर सरकवतात. मार्चच्या मध्यावर कोविडने शाळा बंद झाल्या आणि त्या वर्षी ती परीक्षा सगळ्या देशातच रद्द झाली. सल्ला आहे तसाच पक्का. बाईंना मी दोष देत नाही, त्यांनी जे दिसलं ते लिहिलं. दुसऱ्या दिवशी शाळेत जायला सायकलवर सहा मिनिटं लागली असती.

पुढे तिने व्हीएमबीओ केलं, 2024 ला पास झाली, मग वर चढून हावोत गेली, येत्या मे महिन्यात परीक्षा आहे. पुण्याच्या शाळेतल्या मैत्रिणी बारावी होऊन कुणी लॉला, कुणी इंजिनिअरिंगला चालल्यात. तिला राग नाही. मी विषय काढला की म्हणते, आई सोड ना आता. पण पहिल्या वर्षी ती रोज घरी येऊन गणिताची वही उघडून बसायची, कुणी सांगितलेलं नसताना, आणि मी पाठ करून लॅपटॉपवर असायचे. ती पाठ तिने किती वर्षं बघितली असेल हा हिशेब मी करत नाही, करायला घेतला की जमत नाही.

तुझं थोडं वेगळं होईल. तुझी नऊची आहे, या ऑगस्टात आलीस तर भाषेच्या वर्गाचं वर्ष धरूनही तिला एक वर्ष जास्त मिळेल. आणि 2024 पासून परीक्षा फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच होते, मार्क सल्ल्यापेक्षा वरचे आले तर शाळेला सल्ला सहसा वाढवावाच लागतो. तोवर तिच्या चौथीच्या गणिताच्या वह्या, प्रगतिपुस्तक, सगळं बरोबर आण, फेकू नकोस. आणि करारावर सही करायच्या आधी गाइडला लिहून विचार की पहिल्या वर्षी आठवड्यातून दोन अर्धे दिवस डचसाठी मिळतील का. विषयासाठी हवंय म्हण, ते खोटं नाही. मला कुणी हे सांगितलं नव्हतं, आणि इंग्रजीवर भागतं असं सगळे सांगत होते, ऑफिसात भागतंच.

नवऱ्याला कामाची परवानगी मिळते पण काम मिळायला वेळ लागतो, त्याच्याशी यावर नीट बोल, माझ्या नवऱ्याला दीड वर्ष लागलं आणि त्या दीड वर्षाबद्दल आम्ही अजून बोललेलो नाही.

यावं का, याचं उत्तर मला देता येत नाहीये. काम मी परत हेच निवडीन. शाळेची ती भेट ठरली की मला मेसेज कर, तारीख कुठलीही असो. फोन स्पीकरवर टाक, मी ऐकेन. आता मला डच कळतं.