आल्प्समधली जुनी शहरं ट्रेनने स्वस्तात कशी बघावीत?

स्वित्झर्लंडचा हट्ट सोडा, बजेट तिथेच कोलमडतं. ऑस्ट्रियातलं साल्झबर्ग, इन्सब्रुक, मग इटलीतलं बोल्झानो, त्रेंतो, व्हेरोना असं जा. साल्झबर्ग-इन्सब्रुकसाठी ऑस्ट्रियन रेल्वेचं ‘श्पारशिने’ हे सवलतीचं तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त पडतं. पुढे दोन्ही देशांच्या सीमेवरच्या ब्रेनर खिंडीपर्यंत लोकल आणि तिथून इटलीची प्रादेशिक गाडी. तिचं भाडं आयत्या वेळीही तेवढंच असतं. कागदी तिकीट मात्र चढण्याआधी स्टेशनवरच्या मशीनमध्ये पंच कराच, नाहीतर दंड बसतो! इन्सब्रुकचं सोनेरी छप्पर, म्हणजे मुलामा दिलेले 2,657 तांब्याचे पत्रे, रस्त्यावरून फुकट दिसतं. त्रेंतोत घाई करू नका. 1545 ते 1563 दरम्यानची कॅथलिक धर्मपरिषद जिथे भरली, ते कॅथेड्रल स्टेशनपासून चालत गाठता येतं.