शाळेच्या ग्रंथालयात मुलांना कादंबऱ्या आणि कविता कशा सुचवाव्यात?

तुम्ही लिहिलंय की पाचवी ते दहावीच्या मराठी शाळेचं ग्रंथालय तुमच्याकडे नव्यानं आलंय, मुलं जाड पुस्तक पाहिलं की मागं सरकतात आणि कवितांच्या कप्प्याला कुणी हातच लावत नाही.

पहिलं म्हणजे, ‘तुला काय आवडतं?’ असं विचारू नका. उत्तर ‘काहीही’ असंच येतं. ‘कुठलं पुस्तक अर्ध्यात सोडलंस आणि साधारण कुठं?’ असं विचारा. पहिल्या दहा-पंधरा पानांत सोडलं असेल तर बहुधा भाषा अडलेली असते, मध्यावर सोडलं असेल तर गोष्ट रेंगाळलेली. पहिल्याला सोप्या भाषेचं पुस्तक द्या, मग ते जाड असलं तरी चालेल. दुसऱ्याला पातळ द्या.

पाचवी-सहावीला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजूनही चालतो. मालिकेचा फायदा असा की एक संपलं की पुढचं मूल स्वतःच मागतं. खरेदी करताना मात्र सगळ्या भागांच्या सारख्या प्रती घेऊ नका. सुरुवातीच्या दोन भागांच्या तीन-तीन आणि बाकीच्यांची एकेक प्रत पुरते, कारण गर्दी दारातच होते. भाग एकाच फळीवर ठेवा आणि पाठीवर ठळक आकडे चिकटवा. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ देताना काळ जुना आहे एवढं आधी सांगा, म्हणजे मूल शब्दांवर अडत नाही.

खरी गळती सातवी-आठवीत होते. बालपुस्तकं ‘लहान मुलांची’ वाटू लागतात आणि मोठ्यांची झेपत नाहीत. इथे व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ हुकमी. माणदेशातलं धनगरांचं गाव, तिथं नेमणूक झालेला पोरसवदा मास्तर, आणि पुस्तक दीडशे पानांच्या आत. प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ खरं तर कथांचं पुस्तक, पण सगळ्या कथांतला मुलगा, लंपन, एकच असल्यानं मुलं ते कादंबरीसारखंच वाचतात. त्याची बेळगावकडची, कानडी मिसळलेली बोली पहिल्या काही पानांत अडते, म्हणून सुरुवातीची दोन पानं तुम्ही मोठ्यानं वाचा आणि ऐन रंगात आल्यावर थांबा. पुस्तक टेबलावर उघडंच ठेवा. राम पटवर्धनांनी अनुवाद केलेलं ‘पाडस’ जाड आहे, पण प्राण्यांचा लळा असलेलं मूल ते पार करतं. शेवट जिव्हारी लागणारा आहे. तो आधी सांगू नका, पण मूल पुस्तक परत करायला येईल तेव्हा दोन मिनिटं मोकळी ठेवा.

नववी-दहावीला मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ द्यायला लागत नाही, ती मुलंच शोधून काढतात. नववीतला मुलगा, आणीबाणीचा काळ, पहिलं प्रेम आणि मुलांच्या तोंडची खरीखुरी भाषा. त्या भाषेवरून एखाद्या घरून तक्रार येऊ शकते, तेव्हा आपण स्वतः वाचून, मुख्याध्यापकांच्या कानावर घालूनच ती फळीवर ठेवावी. अण्णाभाऊ साठ्यांची ‘फकिरा’ (1959) न वाचणाऱ्या मुलांनाही ओढते, कारण जोगणी, म्हणजे गावाच्या जत्रेचा मान, पळवून आणण्याचा थरार अगदी सुरुवातीलाच आहे. नेमाड्यांची ‘कोसला’ मात्र केवळ मूल हुशार आहे म्हणून हातात देऊ नका. तिच्या नायकाचं, पांडुरंग सांगवीकराचं, वसतिगृह आणि कॉलेज कळायला आणखी दोन-तीन वर्षं जावी लागतात. एकदा कंटाळून ठेवलेलं पुस्तक मूल सहसा पुन्हा उघडत नाही.

‘श्यामची आई’ सगळ्यांना वाटण्याची एक रीत पडून गेली आहे. पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत. आठवड्याला एक रात्र वाचून दाखवा, ते त्याच घाटानं सांगितलेलं आहे.

कवितेचं गणित वेगळं. संग्रह देऊच नका, कविता द्या. कुसुमाग्रजांचं ‘विशाखा’ आख्खं हातात दिलं तर संस्कृत शब्दांनी दमछाक होते. तेच ‘कोलंबसाचे गर्वगीत’ आणि ‘पृथ्वीचे प्रेमगीत’ या दोन पानांवर कागदाच्या खुणा घालून दिलं तर निदान त्या दोन तरी वाचल्या जातात. लहानांना विंदांची ‘राणीची बाग’ आणि ‘एटू लोकांचा देश’ टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणून घ्या. बालकवींची ‘औदुंबर’ आठच ओळींची. ती ग्रंथालयाबाहेरच्या फळ्यावर आठवडाभर राहू द्या, खाली एकही प्रश्न न लिहिता. बहिणाबाईंची खानदेशी बोली डोळ्यांनी वाचून कळत नाही, कानानं कळते. सुगरणीच्या खोप्याची कविता म्हणताना झाडावरून गळून पडलेला खरा खोपा मिळाला तर टेबलावर ठेवा. दहावीला नारायण सुर्व्यांचं ‘माझे विद्यापीठ’ हवंच.

सगळ्यात जास्त नुकसान गोषवाऱ्यानं होतं. ‘वाचून दहा ओळी लिहून आण’ म्हटलं की मूल सर्वांत पातळ पुस्तक नेतं. त्याऐवजी पुस्तकाच्या शेवटी, तारखेच्या पट्टीशेजारी एक कोरी पट्टी चिकटवा आणि हव्या त्या मुलानं पुढच्यासाठी एक ओळ लिहावी, एवढंच सांगा. मास्तरांच्या शिफारशीपेक्षा वर्गमित्राचं ‘मधला भाग बोर, पण सोडू नको’ जास्त कामाचं.

दुसरं, 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला पुस्तकं वाटून संध्याकाळी पुन्हा कपाटात कोंडली जातात. त्या दिवशी देवघेव रजिस्टर बाहेर काढा आणि दहा दिवसांच्या मुदतीनं पुस्तकं घरी जाऊ द्या. काही हरवतील, काही फाटतील. अशा पुस्तकांचं निर्लेखन, म्हणजे ती नोंदीतून रीतसर वजा करणं, कसं करायचं ते कार्यालयातून आधीच विचारून ठेवा, नाहीतर भरपाईच्या धास्तीनं तुम्हीच कपाटाची किल्ली खिशातून काढणार नाही.