खळ्यात उतरलेला नायक

प्रश्न असा आला आहे : "माझा मुलगा डब्ल्यूडब्ल्यूई बघतो. जॉन सीनासारखा सज्जन हिरो 'हील' झाला तेव्हा तो दोन दिवस धड जेवला नव्हता. ह्या 'हील टर्न'ला मराठीत काय म्हणायचं? 'खलनायक होणं' चालेल का? आणि मुळात अशा नायकानं खलनायक व्हावं का? ता. क. 'टर्न' तो, ती की ते?"

आधी 'टाच वळण' हे 'हील टर्न'चं शब्दशः भाषांतर निकालात काढतो. हा प्रयोग मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचला आहे. 'सीनाची टाच' असंही वाचलं, आणि क्षणभर वाटलं की बँकेनं बिचाऱ्याच्या बंगल्यावर टाच आणली. अमेरिकी बोलीत 'हील' म्हणजे हलकट, दगाबाज माणूस. डब्ल्यूडब्ल्यूईसारख्या, आधी रचलेल्या झुंजींच्या आखाड्याच्या धंद्यानं तो शब्द उचलला आणि त्याच्यासमोर 'बेबीफेस', म्हणजे गोजिऱ्या तोंडाचा सज्जन, उभा केला. काही हौशी लोक इथे ग्रीक वीर अकिलीसला ओढून आणतात. अकिलीसची टाच कच्ची होती, दुष्ट नव्हती. मराठीत टाच मारतात, टाच आणतात, टाचा घासतात. टाच 'होत' कुणी नाही. मेक्सिकोवाले शहाणे. त्यांनी टाचेच्या नादी न लागता 'रुडो' आणि 'तेक्निको' म्हटलं, एक रांगडा आणि एक तंत्रशुद्ध. त्यांचा चंदेरी मुखवट्याचा एल सांतो पुढे देवासारखा पुजला गेला, पण १९४२ साली तो मुखवटा चढवून उतरला तेव्हा रुडोच होता.

आता 'खलनायक'. ह्या शब्दाचे आपण जे हाल केले आहेत ते कुठल्याही रिंगमध्ये होत नसतील. क्रिकेटचा सामना वाहून गेला की 'पाऊस ठरला खलनायक'. आहारावरच्या लेखात साखर खलनायक, मीठ खलनायक, आणि परवा तर मैदा 'स्वयंपाकघरातला खलनायक'. मग नायक कोण, नाचणी? आपल्या नाटकवाल्यांकडे 'खलपुरुष' असा नेमका शब्द होता. तो गेला, आणि त्याच्या जागी हा नायकाचा फेटा बांधलेला खल आला.

ह्यावर शुद्धतेची मंडळी लगेच 'प्रतिनायक' पुढे करतात. दहाव्या शतकातल्या धनंजयाच्या 'दशरूपक' ह्या नाट्यशास्त्रावरच्या ग्रंथात प्रतिनायकाचं लक्षण आहे : लोभी, धीरोद्धत, ताठ, पापी, व्यसनी असा शत्रू. रामाचा रावण, युधिष्ठिराचा दुर्योधन. लक्षण उत्तम आहे, पण इथे त्याचा काय उपयोग? प्रतिनायक जन्मापासून कुणाचा तरी 'प्रति' असतो. रावण अरण्यकांडापर्यंत रामाच्या गळ्यात गळा घालून हिंडत नव्हता. ज्याच्या नावाचा सदरा घालून पोरं झोपली, तोच एका रात्री फिरतो, त्या माणसाला हा शब्द पोचत नाही. परिभाषा कोशातून उचलून चिकटवली की काम झालं, असं मानणाऱ्यांनी एकदा तरी झुंज बघावी.

म्हणून मला 'खल' हवा आहे, पण त्याच्या मुळासकट. दुष्ट, कपटी हा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, तो सोडून देतो. खलबत्त्यातला खल आणि 'ह्या प्रश्नावर बराच खल झाला' हेही सोडतो. खलबताचा तर इथे संबंधच नाही, ती अरबीतली 'खलवत', एकांत. आणि 'द ग्रेट खली' ह्या नावात खल शोधणाऱ्यांनी जरा थांबावं, ते नाव कालीवरून घेतलेलं आहे.

खरी गंमत खळ्यात आहे. खळं, मळणीचं. संस्कृत 'खल' म्हणजे पहिल्यांदा हेच : जमीन चोपून, शेणानं सारवून केलेली गोल जागा. मधोमध तिवडा, त्याला जुंपलेली बैलांची पात गोल गोल फिरते, भोवती गाव उभा, कडेला आपल्या बलुत्याची वाट बघणारे. कोकणात घरापुढच्या अंगणालाच खळं म्हणतात. चोपलेली मोकळी जागा, मध्ये तुडवातुडवी, भोवती बघे. आता ह्याला दोर बांधा आणि दिवे लावा.

ही माझी कल्पनाशक्ती आहे असं वाटत असेल तर ऋग्वेद उघडा. दहाव्या मंडलातलं अठ्ठेचाळिसावं सूक्त, ऋचा सातवी. इंद्र स्वतःच स्वतःची स्तुती करतो आहे. हा एक? ह्याला मी एकटा पुरून उरतो. दोघे? तेही. तिघे येऊन काय करणार आहेत माझं? आणि मग, 'खले न पर्षान् प्रति हन्मि भूरि' : खळ्यात पेंढ्या झोडाव्यात तसा मी ढिगानं झोडतो, हे इंद्राला न मानणारे शत्रू माझी निंदा काय करतात! तुमच्या मुलाला हे वाचून दाखवा. माइक हातात घेऊन रिंगच्या मधोमध उभं राहून केलेलं हे भाषण तो लगेच ओळखेल. एकट्यानं दोघातिघांना घेण्याची वल्गनासुद्धा तीच, आणि 'लोक मला नावं का ठेवतात' हा दुखावलेला सूरही तोच.

यास्कानं 'निरुक्त' ह्या वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीच्या ग्रंथात ह्याच ऋचेवर लिहिताना सांगितलं आहे की 'खल' हे संग्रामाचं नाव आहे. आणि त्याची व्युत्पत्ती देताना तो दोन धातू पुढे ठेवतो, खल् किंवा स्खल्. स्खल् म्हणजे घसरणं, ठेचकाळणं. ज्या जागी माणूस घसरतो ती जागा खल. आपल्या 'अडखळणे'त अजून हा स्खल् जिवंत आहे. मला तर इथे थांबताच येत नाही. जागेचं नाव आधी, झुंजीचं नाव त्यातून, आणि त्या जागी जो घसरला त्या माणसाचं नाव सगळ्यात शेवटी. खल हा माणसाचा स्वभाव नाही, ती मुळात खळ्यावर घडणारी घटना आहे, असं माझं मत आहे आणि ते मी सोडणार नाही.

भाषाशास्त्राचे अभ्यासक ह्यावर नाक मुरडतात, हे मला माहीत आहे. त्यांच्या मते हे दोन वेगळे शब्द आहेत : मळणीचा खल द्राविडी 'कळम्'कडचा, आणि दुष्ट खल चोर ह्या अर्थाच्या 'कळ्ळन्'च्या कुळातला, दोघांचा चेहरा योगायोगानं सारखा झाला. असेल. पण हीच मंडळी पुढे सांगायला विसरतात की तमिळमधल्या 'कळम्'चा अर्थ खळं आणि रणभूमी असा दोन्ही आहे. म्हणजे वेदात जा नाहीतर मदुरेला जा, खळ्याची रणभूमी होतेच. उरला प्रश्न दुष्टाचा. यास्काला दोन कप्पे करायची घाई नव्हती, यांना आहे. मी यास्काच्या बाजूला.

तिसरा खल राहिला, तेलाच्या घाण्यातला. तीळ-सरसू गाळून झाल्यावर जी पेंड उरते तिला संस्कृतात खल म्हणतात, हिंदीत खली. आणि 'स्नेह' म्हणजे तेलही आणि मायाही. जुन्या कवींना हा श्लेष मिळाल्यावर ते कसले सोडतात! स्नेह काढून घेतला की जो उरतो तो खल. एका श्लोकात तर कवी म्हणतो की स्नेहाशी वैर धरणाऱ्या ह्या खलाचाही केवढा उपयोग, तो खाऊनच गाई भांडी भरभरून दूध देतात.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ह्या पेंडीत आहे. व्हावं का खलनायक? स्नेह गळून गेला असेल तर जरूर व्हावं, गाई दूध देतील. तेल बियात असताना घाणा फिरवला तर नासाडी.

हल्क होगनचं बघा. 'प्रार्थना करा, व्हिटॅमिन खा' असं पोरांना सांगणारा लाल-पिवळा देवमाणूस. नव्वदीच्या मध्यापर्यंत प्रेक्षक त्याला कंटाळले होते. ७ जुलै १९९६, फ्लोरिडातलं डेटोना बीच. स्कॉट हॉल आणि केव्हिन नॅश यांच्या टोळीतला तिसरा माणूस कोण, ह्याची चर्चा चालू असताना होगन आला. लोकांना वाटलं वाचवायला आला. त्यानं पडलेल्या रँडी सॅव्हेजवरच पाय आदळला. रिंगमध्ये पेल्यांचा आणि कचऱ्याचा पाऊस पडला. (हा पाऊस मात्र खलनायक नव्हता.) पुढे त्याच्या कंपनीच्या टीव्ही कार्यक्रमानं प्रेक्षकसंख्येत प्रतिस्पर्ध्याला सलग ८३ आठवडे मागे ठेवलं. ती आघाडी त्या रात्रीच्या थोडी आधी सुरू झाली होती हे खरं, पण ती टिकवली ह्या पेंडीनं.

उलट स्टीव्ह ऑस्टिन. १ एप्रिल २००१, ह्यूस्टन. ज्या मालकाला तो वर्षानुवर्षं शिव्या घालत आला त्या विन्स मॅकमेहनशी त्यानं हातमिळवणी केली. पण टेक्सासचा गडी टेक्सासमध्ये जिंकला होता, लोकांनी टाळ्याच वाजवल्या. स्नेह ओसंडत होता. पुढे ऑस्टिननं स्वतःच ह्या निर्णयाबद्दल पश्चात्ताप बोलून दाखवला.

आणि सीना? २००३ सालच्या अखेरीपासून हा गडी सज्जन. मेक-अ-विश संस्थेमार्फत आजारी मुलांच्या साडेसहाशेहून जास्त इच्छा त्यानं पुऱ्या केल्या. असा माणूस दुष्ट कसा करायचा, हा धंद्यापुढचा खरा पेच होता. अर्धं स्टेडियम 'चल सीना' आणि अर्धं 'सीना बेकार' ओरडत असताना त्याला वीसहून अधिक वर्षं कुणी हात लावला नाही. मग १ मार्च २०२५ला टोरांटोत त्यानं तेव्हाच्या विजेत्या कोडी ऱ्होड्सला मिठी मारली आणि त्या मिठीतूनच घात केला. एप्रिलमध्ये लास व्हेगासला सतरावं विजेतेपद घेतलं. ऑगस्ट उजाडला तेव्हा पुन्हा सज्जन! पाच महिन्यांत मळणीसुद्धा नीट होत नाही. डिसेंबरात तो निवृत्तच व्हायचा होता, लोकांच्या डोळ्यांत पाणी आधीपासून जमलेलं; अशा वेळी तेल निघेल कसं? माझ्या मते हा घाणा दहा वर्षं उशिरा फिरला. तुमच्या मुलाला मात्र सांगा की त्याचं दोन दिवस न जेवणं हेच त्या टोरांटोच्या रात्रीचं खरं यश होतं.

ह्या धंद्यातली मला सगळ्यात आवडलेली मळणी म्हणजे मार्च १९९७ची शिकागोजवळची. ब्रेट हार्ट सज्जन म्हणून उतरला, ऑस्टिन दुर्जन म्हणून. रक्तानं भिजलेला ऑस्टिन शरण न जाता शुद्ध हरपून पडला, आणि हार्ट त्यानंतरही त्याला बडवत राहिला. एकाच झुंजीत दोघांची अदलाबदल झाली, दाणा तिकडे आणि भुसा इकडे. आता म्हणा, खल ही जागा आहे की माणूस?

आपल्याकडे ह्याचं मोठं उदाहरण कोण, तर तोच वेदातला इंद्र. वेदात वृत्राला मारणारा सर्वांचा लाडका, आणि पुराणांत बघा : अहल्येच्या दारात चोरासारखा, सगराचा घोडा पळवणारा, कुणाचं तप वाढलं की अप्सरा धाडणारा. इतका सावकाश आणि इतका पक्का टर्न कुठल्याही कंपनीला जमलेला नाही.

शब्द मागितला होता, तो देतो : 'उलटणं'. सीना उलटला. पाळलेला साप उलटतो, सख्खा भाऊ उलटतो, पोसलेला गडी उलटतो. आधीची माया आणि नंतरचा घात दोन्ही त्या एका क्रियापदात आहेत, वेगळं 'खलनायक' जोडायची गरज नाही. परत सज्जन होण्याला काय म्हणावं, हे तुम्ही विचारलं नाहीत पण सांगतो. शके १२१२मध्ये ज्ञानेश्वरांनी मागणं मागितलं, 'जे खळांची व्यंकटी सांडो'. खळ मरोत असं नाही म्हटलं. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा, वळलेपण. ती गळून पडो, माणूस राहो. तेव्हा ऑगस्टमध्ये सीनाची व्यंकटी सांडली, असं खुशाल म्हणा. लोक हसले तर माझं नाव सांगा.

'टर्न' पुल्लिंगी. आमच्या कोपऱ्यावर रिक्षावाले तो रोज मारतात, न बघता.