वज्रेश्वरीला गरम पाण्याची कुंडं आहेत, मग तिथे तुर्कस्तानातल्या पामुक्कलेसारखे पांढरे दगडी थर का नाहीत? असे थर दिसले की खाली सक्रिय भ्रंश, म्हणजे जिच्या दोन्ही बाजूंचे खडक अजून सरकतात अशी भेग, आहे असं समजायचं का?

मी मुंबईत भूशास्त्र शिकवते आणि दरवर्षी विद्यार्थ्यांना अकलोली-गणेशपुरीला नेते. कुंडात पाय सोडून बसलं की कुणीतरी हाच प्रश्न विचारतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तो पांढरा दगड म्हणजे ट्रॅव्हर्टाइन. झऱ्याच्या पाण्यातून साक्याने बसलेला चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. जमिनीत खोल, दाबाखाली, पाण्यात भरपूर कार्बन डायऑक्साइड मुरलेला असतो. असं आंबूस पाणी चुनखडीतून गेलं की चुना विरघळवून सोबत घेतं. वर आल्यावर दाब उतरतो आणि गोटी सोडा फोडल्यासारखा वायू निघून जातो. मग पाण्याला तेवढा चुना पेलवत नाही आणि तो जागच्या जागी बसतो.

तुमच्या सोसायटीत बोअरवेलचं पाणी येत असेल तर गीझरच्या कॉइलवर पांढरा खडबडीत थर धरलेला तुम्ही पाहिला असेल. तोही बहुतांशी चुनाच. तिथे वायू उष्णतेने निघून जातो. त्याची एक खपली काढून तिच्यावर लिंबाचा थेंब टाका, फसफसेल. महापालिकेचं तानसा-भातसाचं पाणी मृदू असल्यामुळे त्याने असा थर सहसा धरत नाही.

आता भ्रंशाकडे येऊ. कॉइलवर बसतो तसाच चुना पाणी ज्या भेगेतून वर येतं तिच्या कडांवरही बसतो. भेग हळूहळू आतून लिंपली जाते आणि एक दिवस झरा आटतो किंवा बाजूने दुसरी वाट शोधतो. म्हणून कुठे हजारो वर्षांचे जाड थर दिसले की मी आधी विचारते, ही वाट इतका काळ उघडी कशी राहिली? बहुतेक वेळा उत्तर असतं की जमीन सरकत होती. भ्रंश हलला, भूकंप झाला की लिंपलेली भेग पुन्हा फाटते, पाणी पुन्हा वाहतं आणि नवा थर बसतो. भ्रंशाच्या टोकांशी, किंवा दोन भ्रंश एकमेकांजवळ येऊन संपतात तिथे, खडक जास्त चिरफाळलेला असतो. असे झरे तिथेच जास्त सापडतात.

यातलं मला सगळ्यात आवडतं ते भेगेवरचे वरंबे. शेतातला सरी-वरंबा डोळ्यांपुढे आणा. लांबट वरंबा, त्याच्या माथ्यावर लांबीच्या दिशेने चिरत गेलेली एक भेग, तिच्यातून पाणी दोन्ही उतारांवर पसरतं आणि उतारावर थर चढत जातात. भेगेच्या आत मात्र चुन्याचे पट्टे उभे असतात. साधारणपणे सर्वांत जुना पट्टा भिंतीला चिकटलेला आणि सर्वांत नवा मधोमध. जमीन ज्या दिशेने ताणली जाते तिला साधारण काटकोनात ही भेग असते, म्हणजे वरंब्याची दिशा मोजली की ताणाची दिशा कळते. पट्ट्यांचं वय युरेनियम-थोरियम पद्धतीने काढता येतं. पाण्यात युरेनियम विरघळतं, थोरियम जवळजवळ नाही. त्यामुळे दगडात जे थोरियम साठतं ते दगड बनल्यानंतर युरेनियमच्या किरणोत्सारी ऱ्हासातून तयार झालेलं. सुमारे 5 लाख वर्षांपर्यंत ही पद्धत चालते. भेग किती रुंदावली आणि किती काळात, हे हाती आलं की भ्रंशाचा वेगही अंदाजता येतो. 1999 मध्ये पॉल हॅन्कॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अभ्यासाला ‘ट्रॅव्हिटॉनिक्स’ हे नाव दिलं.

पामुक्कले याचं ठळक उदाहरण. तिथलं पाणी जेमतेम 35 अंशांचं आहे, म्हणजे पाणी कडकडीत असावं लागतं हा समज सोडून द्यायचा. शेजारचं प्राचीन हिएरापोलिस शहर भ्रंशावरच वसलेलं, भूकंपांनी वारंवार पडलेलं. तिथल्या देवळाखालच्या गुहेतून विषारी वाफ येई; ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने आत चिमण्या सोडल्या आणि त्या लगेच मेल्या, असं त्याने लिहून ठेवलंय. तो भ्रंशातून झिरपणारा कार्बन डायऑक्साइड होता. ट्रॅव्हर्टाइन घडवणारा वायू तोच.

मग आपल्याकडे काय कमी पडतं? अकलोली, गणेशपुरी, सातिवली, पालीजवळचं उन्हेरे, खेडकडचं उन्हवरे... सह्याद्रीला समांतर ही झऱ्यांची ओळच आहे (गावांच्या नावातलं ‘ऊन’ बघा), आणि पाणी खडकातल्या खोल भेगांतूनच वर येतं. वाट आहे, उष्णता आहे. पण हे पाणी चुनखडीतून नाही, बेसॉल्टच्या, म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या काळ्या खडकाच्या मुलुखातून येतं. ते काहीसं खारट आहे, त्यात क्लोराइड जास्त आणि बायकार्बोनेट (कार्बन डायऑक्साइड पाण्यात मुरून बनणारा घटक) कमी. विरघळलेला कार्बन डायऑक्साइडच पुरेसा नाही, तर पाणी चुना टाकणार कुठून? आपल्याच देशात लडाखला सिंधूकाठच्या चुमाथांगला जा, तिथे ट्रॅव्हर्टाइन भेटेल.

म्हणून थर नाहीत याचा अर्थ भ्रंश शांत आहे, असा काढू नका. ही चूक मी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत सतत बघते. 11 डिसेंबर 1967 ला कोयनेला 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला, नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीला धक्क्यांची मालिका सुरू झाली. पण या दोन्हीकडे पामुक्कलेसारखे पांढरे डोंगर नाहीत. उलट बाजूही खरी आहे. भूजल वरखाली झालं, पाऊसमान बदललं, तरी थरांची वाढ थांबते किंवा सुरू होते. एकट्या थरावरून निकाल देता येत नाही. सरळ रांगेतले झरे, वरंब्यांची दिशा, कापले गेलेले थर आणि त्यांची वयं एकत्र जुळली, तरच मी भ्रंश सक्रिय आहे असं म्हणेन.

ट्रॅव्हर्टाइन हाताळायचं असेल तर तुर्कस्तानला जायला नको. मुंबईतल्या नव्या इमारतींच्या लॉबीत भिंतींना तो लावलेला असतो. फिकट बदामी रंग, आडव्या रेघा, मध्ये बारीक भोकं. त्या भोकांच्या जागी कधी वायूचे बुडबुडे होते, कधी शेवाळ किंवा गवताच्या काड्या. काड्या कुजल्या, पोकळी उरली. लॉबीत जागोजागी ती भोकं पुट्टीने बुजवलेली असतात, नखाने चाचपलं की कळतं. मुलं तिथेच विचारतात, यावरून भ्रंश सांगा ना! लादीचं वय प्रयोगशाळेत निघू शकेल. पण खाणीत तो दगड कुठल्या दिशेला तोंड करून होता, हे करवत चालली तेव्हाच पुसलं गेलं.