फिरत्या उपकरणांचा वाय-फाय वेग

उद्यमबागेतील तुमच्या कारखान्यात फोर्कलिफ्टवरील टॅब शेडच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाताना मंदावतात, म्हणून आणखी ॲक्सेस पॉइंट (वाय-फायचा सिग्नल देणारी यंत्रे) घेण्याचा तुमचा विचार दिसतो. ती खरेदी तूर्त थांबवावी, असे मी सुचवेन. कोणत्या ॲक्सेस पॉइंटशी जोडलेले राहायचे, हा निर्णय मुख्यतः उपकरणच घेते, आणि पुष्कळ उपकरणे जवळचा सशक्त सिग्नल सोडून मागच्याच क्षीण सिग्नलला चिकटून राहतात. असा एखादा टॅब १ किंवा २ एमबीपीएसच्या दरावर उतरला, की तेवढ्याच डेटासाठी तो चॅनेल (सर्वांचा सामायिक रेडिओमार्ग) कितीतरी अधिक काळ अडवतो आणि त्याच्याबरोबर सर्वांचाच वेग घसरतो.

म्हणून प्रथम ॲक्सेस पॉइंटच्या सेटिंगमध्ये हे मंद दर बंद करून किमान दर १२ एमबीपीएस ठेवावा. मात्र ८०२.११बी या जुन्या वाय-फाय मानकाचे स्कॅनर वापरात असतील तर ते जोडलेच जाणार नाहीत, हे आधी पाहावे. प्रक्षेपणशक्ती कमाल ठेवण्याचा मोहही टाळावा, कारण ॲक्सेस पॉइंटचा सिग्नल दूर पोहोचला तरी टॅबचे क्षीण उत्तर तितक्या अंतरावरून परत येत नाही. टॅबना चालत असेल तर ५ गिगाहर्ट्झचा वाय-फाय पट्टा वापरावा. पासवर्डऐवजी सर्व्हरवरून ओळख पटवली जात असेल, तर ८०२.११आर या झटपट जोडणी-बदलाच्या मानकामुळे जोडणी बदलतानाचा खंड बराच कमी होतो.

वेगाची मोजणी फोर्कलिफ्ट चालू असतानाच, नेहमीच्या मार्गावर आणि ओतीव लोखंडाचा माल रचलेला असताना करावी; रिकाम्या शेडमधील आकडे फार आशादायक येतात.